पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि मराठी बायबलच्या भाषांतरकार होत्या. विधवांसाठी त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन स्थापन केले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या धर्मांतरामुळे हिंदू समाजाचा रोष त्यांच्यावर ओढवला. मात्र ज्या चर्चने त्यांना बाप्तिस्मा दिला त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्यांचे फार काळ जमले नाही. आपल्या वागण्याला देवाची संमती आहे की नाही हे पुरोहिताने, बिशपने, सुधारकाने किंवा देणगीदाराने ठरवू नये, ते ज्याचे त्याने शास्त्र वाचून आणि विवेकाला स्मरून ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या आयुष्यातील बहुतेक वादांचे मूळ या भूमिकेत सापडते.

बालपण

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरजवळच्या भागात स्थायिक झालेल्या चित्पावन कुटुंबातील वैदिक पंडित होते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला आपले गुरू संस्कृत शिकवतात हे त्यांनी पुण्यात विद्यार्थी असताना पाहिले आणि स्त्रियांनाही ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः संस्कृत शिकवले. विवाहाच्या वेळी लक्ष्मीबाई नऊ वर्षांच्या होत्या आणि अनंतशास्त्री चव्वेचाळीस वर्षांचे. त्या काळातील धाडसी सुधारणाही जुन्या चालीरीतींच्या चौकटीतच कशी घडत होती, याचे हे उदाहरण मानता येईल. स्त्रीला देववाणी शिकवल्याबद्दल उडुपी येथील पंडितांच्या सभेत अनंतशास्त्रींना जाब द्यावा लागला. शास्त्रांचे आधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली, परंतु लोकांची कुजबुज थांबली नाही. अखेर पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम बांधला. रमाबाईंचा जन्म तेथेच झाला.

रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना आश्रम सुटला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. त्यानंतर अनेक वर्षे डोंगरे कुटुंब देवळांत आणि घाटांवर पुराण सांगत भारतभर फिरत राहिले. रमाबाईंचे सारे शिक्षण आईकडे, प्रवासातच झाले. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना पाठ होते.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कोणी उरले नाही. मजुरी करणे किंवा भीक मागणे ब्राह्मण पंडिताच्या कुटुंबाला लाजिरवाणे वाटत होते. कुटुंबाने झाडपाल्यावर दिवस काढले. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करण्याची तयारी दाखवली आणि त्यांना परावृत्त केले. तरीही थोड्याच काळात वडील, आई आणि मोठी बहीण अशी तिघेही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण पुढे आले. तिसरा श्रीनिवास होता आणि चौथ्या रमाबाई. उंची पुरेना म्हणून त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. पुढील आयुष्यात जनलज्जेविषयी त्यांची जी कठोर वृत्ती दिसते तिचा उगम शोधायचा तर तो या दिवसांत शोधावा लागेल. सारी व्रतवैकल्ये करूनही देव धावून आला नाही, आणि लोक काय म्हणतील या भयाने हात मात्र बांधून ठेवले, हा अनुभव त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात स्पष्टपणे नोंदवला आहे.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

भाऊ-बहीण पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या अविवाहित तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा लोकगौरव. स्त्रियांना त्यांच्या कर्तव्याविषयी व्याख्याने द्यावीत म्हणून पंडितांनी त्यांना धर्मशास्त्राचा अभ्यास करण्यास सुचवले. परिणाम मात्र उलटा झाला. ग्रंथाग्रंथांत इतर बाबतीत कितीही मतभेद असले तरी स्त्रीला हीन लेखण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे, असा निष्कर्ष रमाबाईंनी काढला. ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास प्रोत्साहन दिले.

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबिहारी ब्राह्मण नव्हते. हा विवाह जाती आणि प्रांत दोन्ही ओलांडणारा होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. आसामातील सिल्चर येथील या अल्प संसारातच त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली. त्यांच्या या नव्या ओढीविषयी पती नाराज होते.

पुण्यातील वर्ष

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. हंटर शिक्षण आयोगापुढील साक्षीत त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज ठामपणे मांडली. सनातनी मंडळींचा विरोध होताच. परंतु सुधारकांच्या दृष्टीने त्या हिंदू स्त्रीच्या बुद्धिमत्तेचा जिवंत पुरावा होत्या. पुढे धर्मांतराची बातमी आल्यावर जो संताप उसळला, त्यात या अपेक्षाभंगाचा मोठा वाटा होता.

याच काळात मूळचे काशीचे मराठी पंडित आणि नंतरचे ख्रिस्ती धर्मगुरू नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. गोरे यांचा तर्क आणि साधी राहणी यांचा प्रभाव रमाबाईंनी मोकळेपणाने मान्य केला आहे.

इंग्लंड

वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघात राहिल्या. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. धर्म बदलणार नाही असे त्या निघताना सांगत होत्या. लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनीसंघाने चालवलेले काम पाहिल्यावर त्यांचे मन पालटू लागले. अशा स्त्रीला हिंदू समाजात परतीची वाट नाही, इथे मात्र तिच्याशी आदराने वागतात, याचे कारण त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट वाचून दाखवण्यात आली. लोकांची नजर टाळून विहिरीवर येणाऱ्या स्त्रीशी प्रभू स्वतः बोलतो, ही गोष्ट रमाबाईंच्या मनात खोल रुजली.

दरम्यान आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या आघातानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात टीकेचे मोहोळ उठले. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या स्त्रीने घेतलेला निर्णय स्वतंत्र असू शकतो, हे फार थोड्यांना पटले.

तो निर्णय स्वतंत्र होता की नाही, याचे उत्तर पुढील अडीच वर्षांच्या पत्रव्यवहारात मिळते. चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात रमाबाई शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. त्या विषयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली : मायदेशी परतल्यावर त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा कमी होईल. रमाबाईंना हा युक्तिवाद विलक्षण वाटला. त्यांनी भारतात भरसभांत पुरुषांसमोर व्याख्याने दिली होती आणि त्यांचे स्वातंत्र्य त्यांच्या वडिलांनीही हिरावले नव्हते.

वाद तेवढ्यावर थांबला नाही. त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगते त्या शब्दांत बायबलमध्ये आढळत नाही, म्हणून तो केवळ परंपरेच्या आधारावर मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन मजकूर कशासाठी, हिंदुस्थानातील ख्रिस्ती माणसाला संस्कृत जवळची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना या साऱ्यात गर्व दिसला आणि त्यांनी नम्रतेची व आज्ञापालनाची शिकवण दिली. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून आल्यानंतर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंचा उत्तराचा आशय होता. आज्ञा देवाची असेल तर ती पाळू, पण देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येक माणसाची आज्ञा देवाची ठरत नाही, हा भेद त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्यावरील त्यांचे प्रेमही मात्र कमी झाले नाही. ही दोन्ही अंगे लक्षात घेतल्याशिवाय तो पत्रव्यवहार नीट समजत नाही.

अमेरिका

पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री-डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ च्या त्या समारंभानंतर त्या जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या विक्रीतून कार्याला निधी मिळाला. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना होऊन तिने दहा वर्षे खर्च देण्याचे मान्य केले. या संस्थेत वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते, आणि नियोजित शाळेत धर्मप्रसार करायचा नाही अशी अट होती. अमेरिकेतील समाजजीवनावर त्यांनी लिहिलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे मराठी प्रवासवर्णनांतील महत्त्वाचे पुस्तक आहे.

शारदा सदन आणि १८९३ चा पेच

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी मान्यवर सल्लागार मंडळात होते. विद्यार्थिनींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुनर्विवाह केला.

या काळात रमाबाईंच्या अंतर्मनातही बदल घडत होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नाही, अशी जाणीव त्यांना तीव्रतेने झाली. इंग्लंडमधील वादांत त्यांनी बुद्धीच्या बळावर स्वतःची बाजू राखली होती; आता त्यांना कळले की देवापुढे स्वीकार होण्यासाठी स्वतःचे पांडित्य, सेवा किंवा स्वाभिमान यांपैकी काहीही पुढे करता येत नाही. त्यांच्या ‘साक्षी’त (१९०७) हा टप्पा बाप्तिस्म्याइतक्याच महत्त्वाने आला आहे.

याचा परिणाम सदनात दिसू लागला. रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. मुलींना बोलावणे नव्हते, तशी मनाईही नव्हती. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने हा विषय लावून धरला. सदन म्हणजे धर्मांतराचा सापळा आहे असा आरोप झाला आणि पालकांत घबराट पसरली. रमाबाईंनी दार बंद करून प्रार्थना करावी किंवा मुलींना रोखावे, अशी सल्लागारांची अपेक्षा होती. इतर मुली आपल्या देवांची पूजा उघडपणे करू शकतात, तर आपणच आपली उपासना का लपवावी, असा रमाबाईंचा प्रश्न होता. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या प्रसंगाचे मूल्यमापन एकांगी करता येत नाही. रानडे आणि भांडारकर यांनी स्वतःच्या शब्दावर अनेक पालकांना विश्वास दिला होता. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे त्यांनी समाजाला सांगितले होते, आणि त्या विश्वासावरच विधवा-शिक्षणाची नाजूक इमारत उभी होती. त्यांची अडचण भित्रेपणाची नव्हती. दुसरीकडे, ज्या स्त्रीने परदेशी बिशपांपुढे मान झुकवली नाही तिने पुण्यातील शिष्टजनांच्या सोयीसाठी उपासनेचे दार लावून घ्यावे, ही अपेक्षाही तिला न ओळखणारी होती. किंमत मात्र परत गेलेल्या मुलींनी मोजली. त्यांतील किती जणींचे शिक्षण तेथेच थांबले असेल, याचा विचार त्या काळच्या वादविवादात कोणत्याही पक्षाने फारसा केलेला दिसत नाही. अमेरिकेतील संस्थेने रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला आणि सदन चालू राहिले. हिंदू समाजाला रुचेल अशा पद्धतीने विधवांचे शिक्षण करणारी संस्था कर्वे यांनी १८९६ मध्ये स्वतंत्रपणे काढली. शारदा सदनात घडलेले सारे त्यांनी जवळून पाहिले होते.

केडगाव

बोस्टनच्या मदतीची मुदत संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे शेती व फळबागेसाठी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढचे मुक्ती सदन. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या कुटुंबाची जी दशा झाली ती या मुलींच्या चेहऱ्यांवर त्यांना दिसत होती. त्यामुळे येथे जातीची अट राहिली नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी हाताची कामे प्रत्येकीला शिकवली जात. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. मनोरमाने ब्रेल शिकून अंध मुलींची शाळा चालवली.

मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होते, मात्र ते कोणत्याही एका पंथाच्या आधीन नव्हते. ठरलेल्या देणगीदारांच्या वचनांवर अवलंबून न राहता प्रार्थना करावी आणि येईल त्यावर चालवावे, अशी रमाबाईंची रीत झाली. व्यवहारी माणसांना ती धोक्याची वाटे, आणि धान्य संपत आल्याचे प्रसंग खरोखरच आले. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. त्यातील मोठ्याने प्रार्थना, रडणे आदी प्रकारांवर काही ख्रिस्ती मंडळींनीही टीका केली. भारतीय स्त्रियांनी आपल्या भावना आपल्या पद्धतीने व्यक्त केल्या तर बिघडले कुठे, असे रमाबाईंचे मत होते.

सत्तेच्या मर्जीचीही त्यांनी पर्वा केली नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत स्त्रियांची जी आबाळ झाली तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारवर कडक टीका केली. आपल्या संस्थेतील एका मुलीच्या बाबतीत घडलेला प्रकार त्यांनी त्यात मांडला होता. हा विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. मुंबईच्या गव्हर्नरने आरोप नाकारले, रमाबाईंनी मागे घेतले नाहीत. त्यांना सरकारच्या आणि मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले समजणाऱ्या समकालीनांनी या पत्राची पुरेशी दखल घेतली नाही.

बायबलचे भाषांतर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्यासाठी वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या वेळचे प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील अल्पशिक्षित बाईला ते समजत नाही, शिवाय त्यातील अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थांची छटा चिकटलेली आहे, असे त्यांचे आक्षेप होते. अक्षरजुळणी, छपाई, बांधणी ही सारी कामे केडगावच्या छापखान्यात स्त्रियाच करीत.

कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘सरस्वती’ म्हटले त्यांनी आपली सर्व विद्या अखेर विद्वत्तेचा मागमूस न ठेवणारी मराठी लिहिण्यासाठी खर्च केली. साहित्यिक दृष्टीने हे भाषांतर पूर्ण यशस्वी झाले असे म्हणता येत नाही. मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याच्या आग्रहामुळे वाक्ये अनेकदा ओबडधोबड होतात, आणि चर्चच्या उपासनेत ते रूढ झाले नाही. तरी एका स्त्रीने मूळ भाषांतून संपूर्ण बायबल एकटीने भाषांतरित करणे ही जगाच्या इतिहासातही दुर्मीळ गोष्ट आहे.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. बहिरेपण वाढले होते आणि प्रकृतीही ढासळत होती. मुक्तीची सूत्रे मनोरमाकडे सोपवायची असे ठरले होते. परंतु जुलै १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी मनोरमाचे निधन झाले. रमाबाईंनी शोक आवरून मुद्रिते तपासण्याचे काम सुरू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा भाषांतराचे काम पूर्ण झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासलेखनात रमाबाईंना दीर्घ काळ ओझरते स्थान मिळाले. ख्रिस्ती चरित्रकारांनी त्यांना संत म्हणून रंगवताना चर्चशी झालेले मतभेद सौम्य केले, तर इतरांनी धर्मांतरापाशीच पान उलटले. सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यानंतर बिशपांशी झालेले त्यांचे वाद अभ्यासकांना त्यांच्याच शब्दांत वाचता येऊ लागले. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करीत आहे.